राजाचा देश, रयतेचा देश

१८८५च्या जुलैमध्ये ह्युए इथे फ्रेंच फौजेवर केलेला हल्ला फसला आणि व्हिएतनामचा कोवळ्या वयाचा सम्राट हाम न्गी राजवाडा सोडून डोंगरात गेला. तिथून त्याच्या नावाने हाक दिली गेली : राजाच्या मदतीला या. गावोगावचे पंडित शस्त्र घेऊन उठले. तीन वर्षांनी फितुरीने सम्राट पकडला गेला, फ्रेंचांनी त्याला अल्जीरियात धाडलं. त्या पंडितांच्या शौर्याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. पण त्यांच्या लेखी देश म्हणजे राजा होता. राजा गेला, तसा लढ्याचा कणाही गेला.

‘देश कोणाचा?’ हा प्रश्न पुढच्या पिढीला पडला. व्हिएतनामचा स्वातंत्र्यलढा म्हटलं की आपल्याला दिएन बिएन फू आठवतं. मला त्याहून मोलाची वाटते ती १९०६ सालची, जपानमध्ये दोन मित्रांनी घातलेली हुज्जत.

फान बोइ चाऊ तरुणांना शिकायला जपानला नेत होता. शस्त्रं मिळवावीत, जपानची मदत घ्यावी, राजघराण्यातल्या कुओंग दे याला पुढे करून फ्रेंचांना हाकलावं, ही त्याची योजना. फान चाऊ त्रिन्हला ती मुळातच पटेना. एका परक्याला घालवायला दुसऱ्या परक्याला घरात घ्यायचं, आणि शेवटी पुन्हा राजाच गादीवर बसवायचा, तर रयतेच्या हाती काय आलं? आधी शाळा, उद्योग आणि नागरिकांचे हक्क हवेत, असा त्याचा आग्रह होता. मात्र त्यासाठी फ्रेंचांनाच त्यांच्या तत्त्वांची आठवण करून द्यावी, ही त्याची आशा भाबडी ठरली. बोइ चाऊची जपानवरची भिस्तही तशीच फोल गेली. १९०७मध्ये जपानने फ्रान्सशी करार केला आणि दोन वर्षांत व्हिएतनामी विद्यार्थ्यांना आणि खुद्द बोइ चाऊला देशाबाहेर काढलं.

त्याच १९०७ साली हनोईच्या हांग दाओ रस्त्यावर एक मोफत शाळा सुरू झाली. मिशनऱ्यांनी घडवलेली रोमन लिपी तिथे मातृभाषा शिकवण्यासाठी वापरली जाई. चिनी अक्षरं गिरवण्यात वर्षानुवर्षं घालवण्यापेक्षा काही महिन्यांत शेतकऱ्याचं पोर वाचू लागेल, हा हिशेब. व्याख्यानं होत, पुस्तकं फुकट वाटली जात, पुरुषांना डोक्यावरचा अंबाडा कापायला सांगितलं जाई. सरकारने वर्षाच्या आत शाळेला टाळं ठोकलं. १९०८मध्ये मध्य व्हिएतनामातले शेतकरी करांविरुद्ध रस्त्यावर आले, तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांनी केस कापलेले होते. त्रिन्हला काळ्या पाण्यासारख्या कोन दाओ बेटावर पाठवण्यात आलं.

करांखाली शेतकरी भरडला जात होताच. शिवाय मीठ, दारू आणि अफू यांची मक्तेदारी सरकारकडे होती. स्वतः पिकवलेलं मीठ सरकारला स्वस्तात द्यायचं आणि खायला महागात विकत घ्यायचं!

१९१९मध्ये न्गुयेन आय क्वोक, म्हणजे पुढचा हो चि मिन्ह, याच्या सहीने पॅरिसच्या शांतता परिषदेपुढे आठ मागण्या गेल्या. तो मसुदा घडवण्यात त्रिन्हही होता. कैद्यांची सुटका, कायद्यापुढे समानता, वृत्तपत्रांना आणि सभांना मोकळीक, शाळा... स्वातंत्र्याची मागणी त्यात नव्हती. इतकं माफक मागूनही कोणी दाद दिली नाही. पुढच्याच वर्षी क्वोक लेनिनकडे वळला. अर्ज-विनंत्यांनी भागत नाही, आणि शेतकऱ्याला बाजूला ठेवून लढा उभा राहत नाही, ही खूणगाठ इथे पक्की झाली.

१९४१मध्ये व्हिएत मिन्ह ही आघाडी स्थापन करताना हो चि मिन्हने वर्गलढा मागे आणि देश पुढे ठेवला. १९४४-४५च्या दुष्काळात उत्तरेत किमान काही लाख माणसं उपासमारीने मेली. फ्रेंच आणि जपानी दोघांनीही धान्य ओढून नेलं होतं. व्हिएत मिन्हने लोकांना बरोबर घेऊन तांदळाची कोठारं फोडली. रयत आणि देश यांची गाठ पडली ती त्या तांदळापाशी. १९४५च्या ऑगस्टअखेर ह्युएत सम्राट बाओ दाईने तलवार आणि शिक्का नव्या सरकारच्या प्रतिनिधींच्या हवाली केला. २ सप्टेंबरला हनोईच्या बा दिन्ह मैदानात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचता वाचता हो चि मिन्ह थांबला आणि समोरच्या लाखोंना त्याने विचारलं, माझं बोलणं नीट ऐकू येतंय ना? अशी विचारपूस लोकांनी कोणत्याही सम्राटाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

त्यानंतरची फ्रेंचांशी साडेसात वर्षांची लढाई आणि ७ मे १९५४चा दिएन बिएन फूचा विजय सर्वांना ठाऊक आहे. फ्रेंच गेले. जमीन कसणाऱ्याला जमीनही मिळाली, पण त्या मोहिमेत हजारो माणसं, कित्येक निरपराधही, मारली गेली. १९५६मध्ये सरकारला चुका जाहीरपणे कबूल कराव्या लागल्या. त्याच वर्षी हनोईतल्या लेखकांनी ‘न्यान वान’ हे पत्र काढून लिहिण्याचं स्वातंत्र्य मागितलं. डिसेंबरमध्ये ते बंद करण्यात आलं. देश रयतेचा झाला, हे मी मान्य करतो. मात्र १९१९च्या आठ मागण्यांपैकी वृत्तपत्रांच्या मोकळिकीची मागणी स्वतंत्र व्हिएतनामनेही पुरी केली नाही.