खड्डा आणि घास

जव्हारजवळच्या शिरपामाळावर १६६४ साली सुरतेस जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला. आज तेथे शिदोरी सोडणाऱ्याने उरलेलं कुठे टाकावं? सज्जनहो, गावाने मिळून एक खड्डा करावा. सालं, देठं, खरकटं त्यात घालून वर सुका पाला नि माती टाकावी, अधूनमधून खालीवर करावं. हवा कोंडली की घाण सुटते. काही महिन्यांत काळंभोर खत होतं. या उतारावर पावसाने माती धुपते, नाचणी-वरीला ते हवंच. खरकट्याचा विटाळ मानू नये. कणकवलीच्या गोपुरीत आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचंही सोनखत केलं.

मला डाचतं ते निराळंच. याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला १९९२ साली पोरं कुपोषणाने दगावली. तिथे पानातला भात खड्ड्यात गेला, खत झालं, म्हणून टाकल्याचा दोष फिटला काय? मला तसं वाटत नाही. साल कुणी खात नाही. भात कुणाचा तरी घास होता. आपल्या माळकऱ्यांच्या पंक्तीतही पत्रावळी अर्ध्या भरलेल्या उठतात, राग येवो न येवो. खड्ड्यावर ज्याची पाळी असेल त्याने आत भात-भाकरी किती पडली ते पाहावं. पुढच्या पंक्तीला तेवढे तांदूळ कमी शिजवावेत, नि ते पाड्यावर पोचते करावेत.