झारी कोणाच्या हाती?

वार्धक्यात माणसाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी एका शब्दात देऊन ठेवले होते : वानप्रस्थ. मुलांचे संसार मार्गी लागले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, अशी ती योजना. ती कितीजणांनी प्रत्यक्षात आचरली असेल याविषयी आम्हांस शंकाच आहे. तथापि तिच्यात एक विचार होता. म्हातारपणी माणसाला घरापासून दूर नेले तरी झाडांपासून दूर नेऊ नये, हा तो विचार होय. आज बंगळूरसारख्या शहरात वन उरलेले नाही. नवव्या मजल्यावरील चार हातांचा सज्जा तेवढा उरला आहे. वानप्रस्थाचे काय व्हायचे ते आता त्या सज्जातच व्हायचे.

आम्ही महाराष्ट्राबाहेर राहणारे लोक. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी साताऱ्याहून, पुण्याहून, बेळगावहून आईवडील कायमचे राहावयास आलेले आहेत. मुलगा येथे संगणकाच्या कचेरीत, सून दुसऱ्या कचेरीत, नातवंडे शाळेत. आणि दुपारी दोनच्या सुमारास घरात एक म्हातारा माणूस व एक घड्याळ. असे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. शाळामास्तर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. गावाकडे घराच्या परसात आळू, कर्दळ, पारिजातक होता. पत्नी निवर्तल्यावर मुलाने त्यांस येथे आणले. वर्षभर ते स्वतःच्या मुलाच्या घरी पाहुण्यासारखे राहिले. झोप उडाली, जेवण तुटले, बोलणे तर जवळजवळ थांबलेच. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "शरीरात दोष नाही, काही छंद लावा. बागकाम उत्तम."

मुलगा गुणी. पुढल्याच रविवारी बारा कुंड्या आल्या, खत आले आणि आठवड्यातून दोनदा येणारा माळीही ठरला. "बाबा, तुम्ही फक्त बसून बघा. वाकू नका, कंबर धरेल." मोगरा फुलला, तुळस डवरली. मास्तर मात्र होते तसेच राहिले. ते झाडांकडे पाहत, ते भिंतीकडे पाहावे तसे.

पुढे माळी महिनाभर गावी गेला आणि झारी मास्तरांच्या हाती आली. पहिल्याच पंधरवड्यात त्यांनी अति पाणी घालून मोगरा कुजवला. त्याचे त्यांस इतके वाईट वाटले की रात्री मुलापुढे ते त्याविषयी अर्धा तास बोलत राहिले. त्या घरात वर्षभरात ते सलग एवढे बोलले नव्हते! दुसऱ्या दिवशी ते खाली उतरले आणि इमारतीच्या आवारातील म्हाताऱ्या कानडी माळ्यास खुणांनी विचारू लागले. त्या शिकवणीतून मोगऱ्याला 'मल्लिगे' आणि कढीलिंबाला 'करिबेवु' म्हणतात हे त्यांस कळले. कुंडीच्या तळाचे भोक खापरीच्या तुकड्याने झाकावे, पण बुजवू नये, हेही कळले. आज त्यांच्या कढीलिंबाची पाने चार घरांच्या फोडणीत पडतात. जुना माळी परत आला तेव्हा मास्तरांनी त्यास चहा पाजला आणि नम्रपणे निरोप दिला.

या साध्या हकिकतीत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे असे आम्हांस वाटते. मास्तरांना बरे केले ते कशाने? हिरव्या रंगाने म्हणावे, तर तो आधीही डोळ्यांपुढे होताच. मोकळ्या हवेने म्हणावे, तर सज्जा तोच होता. बदलले एवढेच की, पूर्वी झाड त्यांच्यासाठी होते. नंतर ते झाडासाठी झाले.

हाच प्रश्न अमेरिकेत एलन लँगर व ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली प्रयोगाने विचारला होता. कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरील रहिवाशांस सांगण्यात आले की, आपल्या दिनक्रमाचा निर्णय आपणच घ्यावा. आणि प्रत्येकास हवे ते रोप निवडून त्याची निगा स्वतः राखण्यास दिले. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली. मात्र तुमची काळजी आम्ही घेऊ असे सांगून पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे ठेवले. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक उत्साही व सावध आढळली. दीड वर्षानंतर त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण शेकडा 15 आणि दुसऱ्या मजल्यावर शेकडा 30 निघाले. ही शेवटची तुलना फार गाजली. पण आकडेमोडीतील चूक संशोधिकांनीच 1978 साली दुरुस्त केली आणि हा फरक वाटला तितका निर्णायक ठरला नाही. शिवाय रोपाखेरीज इतर निवडीही पहिल्या मजल्यास होत्या. तेव्हा झारीने आयुष्य वाढते असे कोणी म्हणू नये. पण जगण्याची कळा बदलते, एवढे म्हणावयास हरकत नाही.

येथे 'उपचार' या शब्दाविषयी थोडे बोलले पाहिजे. बागकामाचा उपयोग रुग्णांसाठी करणे ही काही नवलाई नव्हे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत मनोरुग्णांच्या पुनर्वसनात बागकामास स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक वृद्धास रुग्ण मानून त्याच्या हाती खुरपे हे औषध म्हणून देणे, यात आम्हांस एक सूक्ष्म अपमान दिसतो. औषध घेणारा स्वतःकडे पाहतो : आज मला किती बरे वाटले? बाग करणारा रोपाकडे पाहतो : याला कीड का लागली? पहिला प्रश्न जितक्या वेळा विचारावा तितका माणूस अधिक आजारी होतो. आरोग्य हे बागेचे फळ नव्हे. ती तिची सावली आहे. झाड लावले की ती आपोआप पडते. नुसती सावली लावू म्हटल्याने पडत नाही. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, ही शिकवण आम्ही आजवर फार उंचावरची समजत होतो. ती कुंडीतही उतरते, हे मास्तरांकडे पाहून कळले.

रोमन लेखक सिसेरो याने ख्रिस्तपूर्व 44 साली वार्धक्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात चौऱ्याऐंशी वर्षांचा केटो शेतीच्या सुखाचे वर्णन करतो, आणि ज्यांची फळे स्वतःस दिसणार नाहीत अशी झाडे म्हातारे लोक पुढल्या पिढीसाठी लावतात, याकडे लक्ष वेधतो. इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. गुस्टाव्ह क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ 1865 साली जन्मले. लंडनच्या क्यू उद्यानातून 1893 साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यास आले, आणि 1908 साली बंगळूरच्या लालबागेत. एका जातीचा बहर ओसरला की दुसरीचा सुरू व्हावा, अशा बेताने त्यांनी या शहराचे रस्ते वृक्षांनी सजवले. निवृत्तीनंतरही ते मायदेशी परतले नाहीत. 1956 साली, नव्वदीत, येथेच त्यांनी देह ठेवला. परक्या भूमीत मूळ कसे धरावे, हे घरापासून दूर आलेल्या वृद्धाने त्यांच्याकडून शिकावे. आपल्याकडे अरणच्या सावता माळ्यांनी तर विठ्ठलास मळ्यातच पाहिले, अशी श्रद्धा आहे.

तरीही दोन आक्षेप उरतात, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला त्या कानडी माळ्याचा. मास्तर ज्या मातीत मन रमवतात तीच माती उपसून त्याचे गुडघे झिजले. त्याला विचारले तर बागकामाने वार्धक्य सुखाचे होते असे तो म्हणेल काय? ज्याला पोटासाठी वाकावे लागते त्याचा उपचार म्हणजे विसावा. श्रम आनंददायक होतो तो स्वेच्छेने पत्करल्यावर. आणि स्वेच्छेत नकाराचाही हक्क येतो. ज्या म्हाताऱ्यास नुसते बसून राहावेसे वाटते त्यास जबरीने कुंड्यांपुढे उभे करणे हीही हिंसाच.

दुसरा आक्षेप पाण्याचा. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, वर चढवून आणावे लागते. मार्च 2024 मध्ये टंचाई एवढी वाढली की पिण्याचे पाणी बागेस घालण्यास मनाई झाली आणि पाच हजार रुपये दंड ठरला. शेजारची वस्ती टँकरची वाट पाहत असता एका वृद्धाच्या मनःशांतीसाठी पाणी ओतावे काय? त्या दिवसांत मुलाने मास्तरांस कुंड्या काढून टाकण्याचा सल्ला दिला. मास्तरांनी दोन दिवस विचार केला. मग पाण्यावाचून न निभणाऱ्या पाच कुंड्या त्यांनी आवारातील मोठ्या झाडांच्या सावलीत नेऊन ठेवल्या, आणि उरलेल्यांसाठी तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी साठवू लागले. त्यांतील दोन रोपे गेलीच. "गावी विहीर होती, तेव्हा पाण्याचा विचार करावा लागला नाही," एवढेच ते म्हणाले.

आमच्या मते त्यांची बाग खरी झाली ती त्या उन्हाळ्यात. स्वतःच्या सुखाला दुसऱ्याच्या तहानेची मर्यादा घालणे, हे कर्त्या माणसाचे लक्षण होय. आणि कर्तेपण गेले हेच तर त्यांचे मूळ दुखणे होते. आपण वृद्धांस सुख द्यावयास धावतो आणि त्या भरात त्यांची कर्तव्ये काढून घेतो. वास्तविक म्हाताऱ्या माणसास, आपण आज उठलो नाही तर कोणाचे तरी अडेल, एवढा भरवसा पुरतो. तो भरवसा एखाद्या रोपाने दिला तरी चालतो. मात्र घरच्यांनी प्रेमापोटी त्याच्या हातची झारी काढून घेऊ नये.