पिकणे आणि मऊ पडणे

‘पिकणे’ हे क्रियापद मोठे लबाड आहे. आंबा पिकतो, पान पिकते, केस पिकतात आणि गळूही पिकते! मग खरे पिकणे कोणते? मला हा प्रश्न अंजिराने घातला.

पुरंदर तालुक्यातल्या सासवड-दिवे भागातले अंजीर आपल्याकडे नावाजलेले. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याचे बहार दोन, खट्टा आणि मीठा. उन्हाळ्यातला मीठा बहार सरत आला, की वळिवाचे ढग जमू लागतात. पावसाने अंजीर उकलते आणि हातचे जाते. म्हणून अखेरची फळे हिरवट असतानाच उतरवून घरात पेंढ्यावर, उबेला ठेवण्याचा मोह होतो.

दोन-चार दिवसांत फळ मऊ पडते, थोडा रंगही धरते. तोंडात टाकावे, तर गोडी नाही! आंब्याच्या आढीतला चमत्कार इथे का घडत नाही? कारण साधे आहे. जून कैरी झाडावरून उतरते ती पोटात पिष्टाची शिदोरी घेऊनच; आढीत तिचीच साखर होते. अंजिराजवळ अशी शिदोरी फारशी नसते. त्याची बहुतेक साखर झाडच देते, आणि तीही शेवटच्या टप्प्यात. तेव्हाच ते झपाट्याने फुगते आणि मानेत वाकते. देठातून पांढरा चीक गळत असताना तोडले, की तो पुरवठा कायमचा तुटला. घरातली ऊब असेल ते मऊ करील. नसेल ते कुठून आणील?

मी पडलो शाळामास्तर; त्यामुळे फळाचा विचार करता करता मन मुलांकडे वळतेच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात. आईबापांमागून मुलेही जातात, आणि कितीतरी गावांतल्या शाळांचे बाक रिकामे होतात. उन्हाळ्याच्या तोंडी ती परततात, तेव्हा हात राठ झालेले असतात आणि बोलणे मोठ्या माणसाचे. लोक कौतुकाने म्हणतात, “पोरगं लवकर पिकलं हो!” मला वाटते, पिकले नाही, मऊ पडले.

यात दोष कोणाचा? फळाचा खासच नव्हे. तोडणाऱ्याचा म्हणावे, तर त्याच्या डोक्यावर ढग आलेले असतात. कोरड्या ओसरीवर बसून त्याला उपदेश करणे सोपे आहे. लबाडी तोडण्यात नाही, नाव देण्यात आहे. मऊ पडलेल्याला आपण पिकलेले म्हटले, की त्याचे देणे फिटले असे आपल्याला वाटू लागते.

मग अशा अंजिरांचे करायचे काय? फेकायची नाहीत. जाणती बाई ती पाण्यात उकळून चीक काढते आणि पाकात मुरवते. जी साखर झाडाकडून मिळायची राहिली, ती ती आपल्या डब्यातली घालते. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. नंतर जी काही गोडी आली, ती दुसऱ्यांनी आपल्या कपाटांतून विश्वासाने हाती दिलेल्या पुस्तकांची.

लवकर तोडलेल्याला ऊब देणे ही दया झाली. त्याच्या वाटची साखर आपल्या डब्यातून काढून देणे, हा माझ्या मते धर्म. दिवाळीत तर डबे भरलेलेच असतात.