डाव, पाळी आणि प्रतिसाद

खेळातील पाळी ही सत्तेची एक अल्पशी मुदत असते. बुद्धिबळात एकाची खेळी पुरी होईपर्यंत दुसऱ्याने स्वस्थ राहावयाचे असते. अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी रचलेल्या आणि १९९३ साली बाजारात आलेल्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात मात्र या सत्तेची कल्पना निराळी आहे.

येथे पाळीचे पाच टप्पे असतात. आरंभी खेळाडू वापरामुळे आडवी झालेली पाने उभी करतो आणि गठ्ठ्यातून एक पान घेतो; मग मुख्य टप्पा, लढाई, पुन्हा मुख्य टप्पा आणि समाप्ती. दोघांच्या डावात आधी खेळणाऱ्याला पहिल्या पाळीत नवे पान मिळत नाही. पहिलेपणाच्या लाभाची ती भरपाई होय.

हा क्रम नवशिक्याला लवकर पाठ होतो. अवघड जाते ते थांबणे. स्वतःच्या पाळीत टाकलेला मंत्रही लगेच फळत नाही. प्रतिस्पर्ध्याला त्यावर प्रतिसाद देण्याची संधी असते. दोघांनीही लागोपाठ ती सोडली, तरच मंत्र अमलात येतो. एकावर एक प्रतिसाद आले, तर शेवटचा आधी फळतो. पाळी एकाची असली, तरी तीत दुसऱ्याचा अधिकार कायम राहतो.

नियमाने लादलेल्या या थांबण्याला नैतिक मूल्य आहे काय? दंडाच्या भयाने पाळलेली मर्यादा म्हणजे सद्‌गुण नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु सद्‌गुण सवयीतून घडतो, असे ॲरिस्टॉटलने मानले होते. त्या दृष्टीने खेळ ही सवयीची शाळा ठरू शकते.

तरीही नियमाला एक सीमा आहे. तो संधी देववितो. ती खरी की नावापुरती, हे खेळाडूच्या वृत्तीवर अवलंबून राहते. मुरलेला खेळाडू नवख्यासमोर भराभर पाने टाकत जातो, तेव्हा नवख्याचा गोंधळलेला अबोलपणाच त्याला संमती म्हणून पुरतो. नवख्याला आपला अधिकार ठाऊकच नसेल, तर त्याने तो सोडला असे म्हणता येत नाही. अशा वेळी क्षणभर थांबून ‘काही करावयाचे आहे काय?’ असे विचारणाऱ्याला डाव गमवावा लागण्याचाही संभव असतो. त्याच्या थांबण्याचे नैतिक मूल्य या जोखमीत आहे.