हात पोचेल अशी जागा

घरात छोट्या आगगाडीचा दुमजली पसारा उभारायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, गाडी खालून वर न्यायची कशी? अमेरिकेत या छंदाची मोठी परंपरा आहे. तिथल्या अनेक घरांना तळघर असतं. हौशी माणूस त्या तळघरात भिंतीच्या कडेने दोन मजले चढवतो. खालच्या मजल्यावर बंदर, गोदामं, मोठं स्टेशन. वरच्या मजल्यावर डोंगरातलं गाव, खाण, लाकडाची वखार. दोन्हींमध्ये अंतर साधारण हातभर. आपल्याला ते काहीच नाही. पण खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या इंजिनाला तो घाट असतो. शंभर सेंटिमीटर पुढे जाताना दोन सेंटिमीटर वर, एवढाच चढ त्याला सुखाने झेपतो. चढ वाढवला तर लांब गाडी ओढताना चाकं जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून रूळ गोल गोल फिरवत वर नेतात. या वेटोळ्याला ते लोक हेलिक्स म्हणतात. दीड मीटर व्यासाच्या वेटोळ्यात गाडी एका फेऱ्याला साडेनऊ सेंटिमीटर चढते. असे पाच फेरे झाले की वरचा मजला येतो. हातभर उंचीसाठी साडेतेवीस मीटर रूळ! छोट्या गाडीच्या मापाने हा दोन किलोमीटरचा प्रवास आहे.

हे वेटोळं पाहुण्यांना सहसा दिसत नाही. ते डोंगराच्या पोटात नाहीतर पडद्यामागे असतं. गाडी खालच्या बोगद्यात शिरते आणि दोन-अडीच मिनिटांनी वरच्या गावात बाहेर येते. पण बांधणाऱ्याची सगळ्यात जास्त मेहनत या न दिसणाऱ्या भागावर झालेली असते. तिथे तो चांगल्यात चांगला रूळ वापरतो. जोड सोल्डर करून पक्के करतो. सगळ्यात लांब गाडी पुढे आणि मागे, दोन्हीकडे पुन्हा पुन्हा चालवून बघतो. मगच वर डोंगर रचतो. इतकं करूनही तो आणखी एक गोष्ट करतो आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. वेटोळ्याच्या मधोमध एक माणूस उभा राहील एवढी जागा तो मोकळी ठेवतो. खालून वाकून आत जायचं, मध्ये उभं राहायचं, की पाचही फेरे हाताशी येतात. डोंगराची एक बाजूही तो उचलून काढता येईल अशी करतो. कारण कधी ना कधी आतमध्ये एखादा डबा घसरणार, हे त्याने धरलेलंच असतं. काम चोख केलं आहे आणि तरीही गाडी घसरू शकते, या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात शेजारी शेजारी नांदतात. त्यात निराशा नाही. स्वतःच्या हातावर अविश्वासही नाही. आपण केलेल्या वस्तूला पुढे आपली गरज पडेल, एवढंच त्याला माहीत असतं. मग त्या वेळी पोचता यावं, याची सोय तो आधीच करून ठेवतो.

या छंदात अशी मोकळीक जागोजाग ठेवावी लागते. वेटोळ्याचे फेरे आटे पाडलेल्या उभ्या गजांवर बसवतात आणि प्रत्येक फेऱ्याला खालून-वरून नट लावतात. उद्या एखादा कोपरा किंचित खचला, तर पाना घेऊन नट थोडा फिरवायचा, झालं. तळघरातलं लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. म्हणून सरळ रुळांच्या काही जोडांत बारीक फट सोडतात. ती सोडली नाही तर रूळ वाकतो. मजल्यांची रुंदीही हात पाहून ठरवायची. भिंतीजवळच्या रुळापर्यंत हात पोचला पाहिजे, म्हणून साधारण साठ-सत्तर सेंटिमीटरच्या पुढे जायचं नाही. वरचा मजला त्याहून अरुंद ठेवायचा. नाहीतर खालच्या मजल्यावर वाकताना कपाळ आपटतं आणि आतलं दिसतही नाही. अमेरिकेतले जॉन आर्मस्ट्राँग हे अशा आराखड्यांचे मोठे जाणकार. १९६३ साली निघालेलं त्यांचं रुळांच्या आराखड्यावरचं पुस्तक या छंदातली माणसं अजून वाचतात. आराखडा करताना गाडी जाईल त्या वाटेबरोबर माणूस उभा राहील त्या वाटेचाही हिशोब ते करत. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या गाड्यांचं संग्रहालय ज्यांनी पाहिलं असेल, त्यांना अशा पसाऱ्यामागच्या चिकाटीची कल्पना असेल. खऱ्या रेल्वेतही हाच विचार मोठ्या मापात आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणारा बोरघाटाचा मार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा चढ सदतीस फुटांना एक फूट, म्हणजे छोट्या गाडीच्या चढापेक्षाही कडक. या उतारावर मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे वर चढणारे काही रूळ आहेत. ते कुठल्याच गावाला जात नाहीत. ब्रेक ताब्यात न राहिलेली गाडी त्यांवर वळवायची आणि चढावर तिचा वेग मारायचा, एवढंच त्यांचं काम. त्यांना कॅच सायडिंग म्हणतात. घाट उतरणाऱ्या गाड्या त्यांच्यापाशी थांबून ब्रेक नीट असल्याची खात्री देतात, मग पुढे जातात. खिडकीतल्या प्रवाशाला वाटतं, गाडी उगाच थांबली. पण हजारो माणसं त्या रिकाम्या रुळांच्या भरवशावर रोज सुखरूप खाली येतात.

आपला दिवस मात्र आपण फार घट्ट बांधतो. सहाला उठणं, डबा, आंघोळ, मुलाची रिक्षा, सात पन्नासची लोकल. प्रत्येक गोष्ट मागच्या गोष्टीला खेटून. एक जोड सरकला की सगळी गाडी घसरते, आणि मग मुलाच्या न सापडणाऱ्या एका मोज्यावरून घरभर आवाज चढतो. मोजा हरवणं ही काही मोठी गोष्ट नाही. तो शोधायला दहा मिनिटं शिल्लक नव्हती, एवढंच. ती दहा मिनिटं रात्री डबे धुवून ठेवण्यातून काढता येतात, गजर थोडा अलीकडे घेऊन काढता येतात. ज्या सकाळी सगळं सुरळीत होईल, त्या सकाळी ती वाया गेल्यासारखी वाटतील. वाटू द्यावीत. त्या वेळात उभ्याउभ्या घेण्याऐवजी बसून चहा घेता येतो.

वेळेची मोकळीक ठेवणं तसं सोपं. माणसाच्या बाबतीत ती ठेवणं अवघड आणि जास्त गरजेचं. आपण आपल्या मनाचा डोंगर चारही बाजूंनी लिंपून टाकतो. आईचा गुडघा दुखत असतो, पण विचारलं की ‘काही नाही रे, वय झालं’ म्हणते आणि विषय बदलते. नवऱ्याला कामाचा ताण झालेला असतो, पण तो जेवताना फक्त भाजीबद्दल बोलतो. ऑफिसात नव्याने आलेल्या मुलीला एक आकडा कळलेला नसतो. विचारलं तर लोक काय म्हणतील, म्हणून ती संध्याकाळपर्यंत एकटीच झगडत बसते. ही सगळी चांगली माणसं आहेत. दुसऱ्याला त्रास नको, या भल्या हेतूनेच ती गप्प असतात. पण आत काही घसरलंच, तर बाहेरच्या प्रेमळ माणसालाही हात घालायला वाट उरत नाही. डोंगर फोडूनच आत जावं लागतं, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो. आपलं सगळं सगळ्यांना उघडून दाखवायची गरज नाही. छोट्या आगगाडीचा मालकसुद्धा येणाऱ्याजाणाऱ्याला वेटोळं दाखवत नाही. एखाद-दुसऱ्या माणसाला मात्र आत यायची वाट ठाऊक असावी. ‘आज जरा जड गेलं’ एवढं एक वाक्य पुरतं. पुढचं तो माणूस विचारतो. आणि कुणी आपल्याशी असं अर्धं वाक्य बोललं, तर लगेच उपाय सांगायला धावू नये. आधी खाली वाकून आत जावं, म्हणजे शांतपणे ऐकावं. घसरलेला डबा उचलायला घाई चालत नाही. घाईत हात मारला की शेजारचे दोन डबेही आडवे होतात. कुठलं चाक रुळाबाहेर आहे ते आधी नीट बघायचं, मग एकेक चाक रुळावर बसवायचं.

आज दोन छोट्या गोष्टी करून पाहा. आजच्या कामांच्या यादीत कुठेतरी पंधरा मिनिटं कोरी ठेवा. दुपारी साडेतीनची चालतील, नाहीतर घरी पोचल्या पोचल्याची. ती कशासाठी आहेत हे ठरवू नका. आणि घरातल्या ज्या माणसाचं उत्तर नेहमी ‘मी ठीक आहे’ असंच असतं, त्याच्याजवळ आज रात्री दोन मिनिटं जास्त बसा. त्याने तेच उत्तर दिलं तरी उठू नका.