गवा दिसेपर्यंत

दोघं मिळून सुट्टीला कोल्हापूरला गेलात, तर अंबाबाई, पन्हाळा, रंकाळा, तांबडा-पांढरा रस्सा हे सगळं दोन दिवसांत उरकतं. फोटो काढायचे आणि पुढे पळायचं. तिसरा दिवस मात्र दाजीपूरला द्या. एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींचं हे शिकारीचं रान. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. ज्या रानात बंदुकीचे बार घुमत, तिथे आज गवा निर्धास्त चरतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

इथे घाई करून काहीच मिळत नाही. गाडी बंद करून, कुजबुजही थांबवून बसावं लागतं. घरी एकमेकांशी बिलं आणि भाजी एवढंच बोलणारी दोघं इथे एकाच झाडीकडे टक लावून बसतात. मग पानं हलतात. आधी दिसतात शिंगं, मग काळीभोर पाठ, आणि गुडघ्याखाली पांढरेशुभ्र पाय, मोजे चढवल्यासारखे. हजार किलोंपर्यंत भरणारा हा नर, पण पाचोळ्यावर पाऊल किती हलकं! एक जण दुसऱ्याचा हात दाबतो, "तिकडे बघ". आणि दिसला नाही, तरी बसून राहा. सोबत आहेच.