अत्याचार करणाऱ्या भावालाही मदत



शाळेतून निरोप येतो की, आपला मुलगा वर्गातील एका अडखळत बोलणाऱ्या मुलाची नक्कल करतो, त्याला वाईट नावाने हाक मारतो आणि सगळा वर्ग हसतो. अशा वेळी ‘मुलांची थट्टामस्करी आहे’ हेच वाक्य बहुधा प्रथम आपल्या तोंडून निघते. त्या दुसऱ्या मुलाने रात्री जेवण केले असेल का, हा विचार उशिराच येतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या भावाला मदत करण्याची शिकवण दिली, मग तो अत्याचारपीडित असो वा अत्याचारी. सहाबांना (रजि.) प्रश्न पडला की, अत्याचाऱ्याला मदत कशी करावी? त्याचा हात रोखावा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. म्हणजे मुलाची बाजू घेऊन शिक्षकांशी भांडणे ही मदत नव्हे. त्याला बदडून काढणे हीही नव्हे. त्यातून तो एवढेच शिकतो की, बलवानाने दुर्बलाला मारायचे असते.

दिव्य कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमधील 11 व्या आयतीत टर उडवणे, टोमणे मारणे आणि वाईट नावांनी हाक मारणे यांस स्पष्ट मनाई आहे. पुरुषांना वेगळे सांगितले आहे, स्त्रियांना वेगळे. मुलीही यात मागे नसतात, हे आपण जाणतोच. आणि त्याच आयतीत पश्चात्ताप न करणाऱ्यांना अत्याचारी म्हटले आहे. तौबा करणाऱ्यासाठी दार उघडे आहे.

माननीय अबू जर गिफारी (रजि.) हे अगदी सुरुवातीच्या काळात इस्लाम स्वीकारणाऱ्यांपैकी. त्यांनी एकदा एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. प्रेषितांनी (स.) त्यांना दूर लोटले नाही, त्यांच्यात अज्ञानकाळाचा अंश अजून शिल्लक असल्याची जाणीव करून दिली. या वयातही? असे अबू जर (रजि.) यांनी विचारले. होय, असे उत्तर मिळाले. एवढ्या थोर सहाबींना स्वतःतील दोष दिसला नव्हता. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला तो आपोआप कसा दिसावा?

म्हणून मुलाला एकांतात बसवून शांतपणे विचारा: तो मुलगाही हसत होता का? पाहणारे कोणी नसते, तर तू हे केले असतेस का? तुझ्याहून धिप्पाड मुलाला असे म्हणाला असतास का? उत्तराची घाई करू नका. (नातेवाइकांच्या रंगावरून, चालण्यावरून दस्तरखानवर आपणच हसत असू, तर तो तेही बोलून दाखवील. ऐकून घ्यावे.)

मग भरपाईचा प्रश्न येतो. माणसाच्या अब्रूला लावलेला धक्का केवळ नमाज-रोजांनी फिटत नाही. ज्याचा अपराध केला, त्याच्याकडून याच जगात मोकळे होण्याची ताकीद हदीसमध्ये आहे. कारण त्या दिवशी दीनार-दिरहम नसतील, सत्कर्मे द्यावी लागतील. वर्गासमोर नाव ठेवले असेल, तर माफीही वर्गासमोर मागावी. नकलेचा व्हिडिओ फिरवला असेल, तर तो स्वतः पुसून इतरांनाही पुसायला सांगावे. मुलाचे पाय जड होतील. सोबत जा, पण बोलू त्यालाच द्या.

पुढे अनेक वर्षांनी रबजा येथे एका माणसाने अबू जर (रजि.) यांना पाहिले. त्यांच्या अंगावर जसा पोशाख होता, तसाच त्यांच्या गुलामाच्याही अंगावर होता. त्याने कारण विचारले, तेव्हा अबू जर (रजि.) यांनी स्वतःच्या तोंडाने ती जुनी चूक सांगितली.